साखर तपासायला

लशीसाठी नंबर लावून, दूध पिऊन झोपलेल्या बाळाला मांडीवर घेऊन मी दवाखान्यात बसले होते. समोरच्या खोलीत संशोधनासाठी रक्त घेत होते. स्किझोफ्रेनिया आमच्या अँटिओकिया प्रांतातल्या घराण्यांतून पुढे कसा उतरतो, ते शोधायला. त्या दाराशी दोन्या नोहेमी, आमच्या नोहेमीबाई, बसल्या होत्या. तेवढ्यात दोन्या ओफेलिया आल्या. त्यांची लेक डिसेंबरात नोहेमींची धाकटी सून व्हायची आहे.

“अगंबाई, विहीणबाई, तुम्ही इथे?”

“साखर तपासायला आले. तुम्ही?”

“मीही साखरेलाच.”

“उपाशीपोटी?”

“तर काय. सकाळपासून पाणीसुद्धा नाही.”

“मग ओठाला मक्याच्या भाकरीचा चुरा कसला?”

ओफेलियांनी घाईने ओठ पुसले.

“असू द्या. मीही खाऊनच आलेय. इथे उपाशी यावं लागत नाही.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“मागेही आले होते, थोरल्या मुलासाठी. तो मेदेयीनला नोकरीला नाही, ओफेलिया. इस्पितळात आहे.”

“आणि हे आम्हाला लग्न झाल्यावर सांगणार होतात?”

“तुम्ही कोणासाठी आलात?”

“भावासाठी.”

“नदीत वाहून गेला, तोच ना?”

“तसं लेकीला सांगितलंय. तो बाहेर जीपमध्ये आहे.”

“एवढ्या उन्हात?”

“खाली वाकून बस म्हटलंय. कुणी बघायला नको.”

“आणि बसतो तसा?”

“बसतो. माझं सगळं ऐकतो तो.”