चार ओळींचा प्रोग्राम

तसं नाही गं, मोडलेला नाहीये तो — पोट भरलंय त्याचं, बाकी काही नाही. तू बसल्या बसल्या तुझा प्रोग्राम टाकायला गेलीस आणि त्यानं नन्नाचा पाढा लावला, हो ना? मग! पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे, त्यात काय काय कोंबलंय ते मलाच आठवत नाही. आण इकडे. चहा घे तू, निवतोय. तुझा बाबा फोनवर म्हणाला, पोरगी सर्व्हेच्या नोकरीला लागली, सोमवारपासून जागेवर जाऊन मोजमाप करणार, तिला आपला तो आलेख काढणारा कॅल्क्युलेटर हवाय — 'आपला' म्हणाला बघ! — ऑफिसचा होता खरं तर, पण मी रिटायर झाले तेव्हा साहेब म्हणाले, बाई, हे धूड आता कोण वापरतंय, घेऊन जा. तर आता तुझा. फक्त जागा करून देते. सोप्पं आहे, बघून ठेव — हे बटण, मग मेमरी, मग डिलीट, की आली यादी. नावापुढचा आकडा दिसतोय? त्या प्रोग्रामनं किती जागा अडवलीय ते. आता बाण खाली, खाली...

हा बघ पहिला. 'वार'. जन्मतारीख टाकायची, वार सांगतो. साहेबांचा निघाला रविवार — तेव्हापासून आम्ही म्हणायचो, हे जन्मापासूनच सुट्टीवर आहेत. काढून टाकू. 'नक्की काढू का' म्हणून विचारतो, बघ, मोठा सभ्य आहे — 'हो' दाबायचं. गेला. पुढचा... अगंबाई, हा अजून आहे? 'नवरा'! हसतेस काय? आमच्या ह्यांचं वजन. दर रविवारी आकडा टाकायचा, हा आलेख काढायचा. रेघ चढतेय, चढतेय, एके दिवशी स्क्रीनच्या बाहेर गेली — तेव्हा दोघांनी ठरवलं, आता पुरे. काढ. गेला नवरा. आणि हा 'उतार' — ह्याला हात लावायचा नाही हं. हा तुझ्या बाबाचा. आम्ही त्याला लंबू म्हणायचो, तुला माहीत असेलच, दारातून आत येताना वाकायचा. प्रोग्राम लिहावा तर लंबूनंच. बाकीचे कागदावर तासभर बेरजा-वजाबाक्या करत बसायचे, तोवर हा जमिनीत ठोकलेल्या एकेका खुंटीची उंची सांगून मोकळा. जेवणाच्या सुट्टीत सुद्धा टकटक टकटक चालू. मी म्हणायचे, अरे, दोन घास खा, ते मशीन कुठे पळून जात नाहीये.

आणि हा सगळ्यात मोठा — ह्यानंच सगळी जागा खाल्लीय — 'साप'. खेळ आहे. साप ठिपके खात फिरतो, लांब लांब होत जातो, भिंतीला लागला की मेला. माझ्या धाकट्या भावानं त्याच्या मशीनमधून वायर लावून टाकून दिला होता. तेव्हाही अशीच जागा नव्हती. मग मी काय केलं, यादी काढली आणि जे लहानसहान, निरुपयोगी वाटलं ते धडाधड — हो, असंच, आत्ता करतेय तसंच...

ते जाऊ दे. तुला यायला उशीर का झाला ते सांग. मी अकरापासून वाट बघतेय. बस चुकली? कुलूप? कुठलं कुलूप — घराचं? लंबू तुला सोडायला कोपऱ्यापर्यंत आला, आणि परत गेला कुलूप बघायला. आणि परत? तीनदा? ... आणि गॅसही? असं कधीपासून करतो गं तो? नाही म्हणजे, तू लहान असल्यापासून? शाळेत जाताना तुझं दप्तर सुद्धा स्वतः उघडून बघायचा, दोनदोनदा. काय म्हणतो विचारलं की? — 'मी विसरतो, बाळा, माझ्यावर भरवसा ठेवू नये.' असं म्हणतो? ह्याच शब्दांत?

तो काही विसरत नाही. तुला सांगते, आख्ख्या ऑफिसात विसरत नव्हता असा एकच माणूस होता. त्याच्या... थांब, पाणी पिते जरा.

हे बघ, तू सर्व्हेत चाललीयस, तुला कळेल. एका नव्या शाळेच्या आवारातलं गटार होतं. आवारातून बाहेर ओढ्यापर्यंत. आम्हाला काय करायचं — जिथून जिथून गटार जाणार तिथे खुंट्या ठोकायच्या आणि प्रत्येक खुंटीवर खोली लिहून द्यायची, म्हणजे उतार नीट पडतो. अर्धं काम एका दिवशी, अर्धं दुसऱ्या. 'उतार' प्रोग्राम मोजमापं घ्यायचा आणि बेरीज करत जायचा. आता बेरीज करायची तर आधी पाटी कोरी हवी ना? कालचं शिल्लक राहिलेलं आज धरायला नको. त्यासाठी लंबूनं वेगळा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. 'शून्य'. चार ओळींचा. मोठा प्रोग्राम सुरू झाला की पहिल्यांदा ह्या 'शून्य'ला हाक मारायचा, तो सगळं पुसायचा, मग काम सुरू.

पहिल्या दिवशी संध्याकाळी कॅल्क्युलेटर माझ्याकडे होता. भाऊ वायर घेऊन आलेला. यादीत मला दिसला 'शून्य' — चार ओळी, आत काय तर शून्य, शून्य, शून्य. मी म्हटलं हे काय, शून्य साठवायला जागा कशाला लागते! काढला. मग 'उतार' उघडून पाहिला तर तो चिडला — 'शून्य' सापडत नाही म्हणाला. तर मी ती हाक मारायची ओळच काढून टाकली. लगेच गप्प. बघ, किती हुशार मी! साप मावला. त्या रात्री मी एकशे चाळीस ठिपके खाल्ले.

दुसऱ्या दिवशी लंबूनं उरलेल्या खुंट्या काढल्या. कालचे अडतीस सेंटिमीटर आत तसेच बसलेले, ते प्रत्येक उंचीत मिसळले. आवारातलं अर्धं गटार बरोबर आणि ओढ्याकडचं अर्धं अडतीस सेंटिमीटर वर. तो म्हणालाही, शेवटच्या खुंटीपासून उलटं मोजत परत येऊ, ताळा करू — नेहमी करायचाच. मीच म्हटलं, काल जमलं होतं ना सगळं, चल आता, ऊन बघ किती लागतंय. तोही हसला, म्हणाला चल बाई. मध्ये झाकणाचं चेंबर होतं, दोन्ही अर्ध्यांची तोंडं त्यात, त्यामुळे बांधताना ती पायरी कोणाच्या डोळ्यांत आली नाही.

पुढे काय, शाळेची टाकी पहिल्यांदा धुतली आणि पाणी ओढ्याकडे जायच्याऐवजी आले पाहुणे परत! सभागृहात घोट्याएवढं. मुलांच्या चपला तरंगतायत, मुख्याध्यापिका खुर्चीवर उभ्या, आणि आमचे साहेब पाहणीला नवेकोरे बूट घालून — मी तेव्हा हसले होते, खोटं कशाला बोलू. चौकशी लागेपर्यंत हसतच होते.

चौकशीत त्याला प्रोग्राम कागदावर उतरवून द्यायला सांगितलं. मी शेजारच्या टेबलाशी. तो एकेक ओळ लिहितोय, आणि एका जागी थांबला. मला माहीत होतं तो कुठे थांबलाय. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाला — 'मी हे लिहायचंच विसरलो?' म्हणजे, त्याला वाटलं, ओळ कधी नव्हतीच! स्वतःच विसरलो! मी तिथेच होते, दोन हातांवर. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, ओरडा बसला असता, दुसरं काय? मी फायली लावत बसले. त्याला रेकॉर्डच्या खोलीत टाकलं, जुने नकाशे सांभाळायला. नंतर अठरा वर्षं तिथेच. पुन्हा कधी बाहेर गेला नाही, पुन्हा एक ओळ लिहिली नाही — मी एकदा म्हटलं लिही रे, तर म्हणाला, नको, माझ्या हातून सुटतं. आणि टीम कोणाकडे आली? माझ्याकडे. काम छानच केलं मी, कोणालाही विचार. ती ओळ मी परत टाकली बरं का, त्याच आठवड्यात. 'शून्य'सुद्धा. कोणी बघत नसताना. आता बरोबर चालतो हा, डोळे झाकून वापर.

अशी बघू नकोस. ओरड पाहिजे तर. मला वाटायचं, नोकरीच गेली ना बाहेरची, सावलीत बसायला मिळालं, बरंच झालं की त्याला — खरंच असं वाटायचं मला. कुलपाचं कोणी सांगितलं नव्हतं. तू जन्मायच्या आधीची गोष्ट, आणि तू म्हणतेस, तुझं दप्तर...

नाही, तू सांगू नकोस त्याला. तू का सांगायचं? थांब, माझा फोन कुठाय — उशीखाली बघ. चष्मा राहू दे, नंबर पाठ आहे. वाजतेय रिंग. बोलायला काय लागतं, तोंडच तर — हॅलो? हो, मीच. हो, हो, पोचली, कधीची पोचलीय, समोर बसलीय, अगदी नीट आहे. अरे हो, दिला. चालतोय. तू बसलायस की उभायस? बस जरा. नाही रे, तिला काही झालेलं नाही. मला बोलायचंय. त्या गटाराबद्दल. ... हो, तेच.

तू जरा बाहेर जा गं. चहा तिकडेच घे. आणि दार ओढून घे.