थ्री सेव्हन्टी फाइव्ह नको

माझ्यासारख्या घाबरट बाईला अबुधाबीत नोकरी मिळाली, तीही बंदुकांच्या दुकानात! प्रोबेशनवर होते तेव्हाची गोष्ट. एक अरब गृहस्थ मुलीच्या पहिल्या आफ्रिकन शिकारीसाठी थ्री सेव्हन्टी फाइव्ह, म्हणजे हत्ती-गव्यांसाठीची दणकट रायफल, मागत होते. तेवढ्यात मागे पेटीचं झाकण आपटलं आणि मी किंचाळले. म्हटलं, गेली नोकरी! पण त्यांच्यासोबत आलेली मुलगी हळूच म्हणाली, "मीपण अशीच दचकते."

"शिकार कशाची?" मी विचारलं.

"हरणाची," ती म्हणाली.

"मग हलकी थर्टी-ओ-सिक्स रायफल पुरे. खांद्याला धक्का कमी बसतो."

बाप माझ्याकडे बोट दाखवत भडकला, "हिला काय कळतं?"

आमचे सीनियर, रत्नागिरीचे इब्राहिमचाचा, पुढे आले. "हबीबी, धक्क्याच्या धास्तीनं डोळे मिटले तर तोफेचाही नेम चुकतो. ही बरोबर सांगतेय."

त्यांनी थर्टी-ओ-सिक्सच घेतली. चाचांचे आभार मानताना मला रडूच फुटलं.

"गप गो बाय," चाचा म्हणाले, "पहिल्या दिवशी मी टेबलाखाली शिरलो होतो."