लांब टेबल

सुतार मोजपट्टी घेऊन आला, तेव्हा चहाच्या त्या जुन्या दुकानात लांबलचक टेबलाच्या टोकाला एक विमा एजंट एकाच चहावर ठाण मांडून बसला होता. त्यानं पेपर वर धरला आणि कान गल्ल्याकडे लावले. तिथे मालक आणि त्यांची मुलगी बोलत होते.

“बाबा, याची चार छोटी टेबलं करून घेऊ या.”

“अगं, मुलींच्या शाळेचं याच टेबलावर ठरलं.”

“आणि तेव्हा दुसरा चहा कुणी मागवला नाही, हेही आजोबा सांगायचे.”

“सुधारक मंडळी ती. बोलता बोलता चहा निवायचा, मग गरम करून मागायची.”

“म्हणजे समाज सुधारला आणि आपली पातेली करपली.”

“छोट्या टेबलावर माणूस आपले होयबा घेऊन बसतो. इथं जागा मिळेल तिथं बसायचं. शाळा काढणारे मास्तर आणि विरोध करणारे वकील मांडीला मांडी लावून बसायचे. वकील उठून जाणार कुठं? दुसरं टेबलच नव्हतं.”

“मग?”

“मग काय, शेवटी शाळेला जागा वकिलांनीच दिली.”

“ताई, खूण कुठं करू?” सुतारानं विचारलं.

“थांबा जरा. बाबा, दादा तुमच्याशी भांडून गेलाय. उद्या आला, तर कुठं बसेल?”

“चार टेबलं असली, तर माझ्यापासून सगळ्यात लांबच्या.”

“आणि हे असंच राहिलं तर?”

मालक गल्ल्यावरून उठले. फडकं घेऊन टेबल पुसू लागले.

“सुतारकाका, खूण राहू द्या,” मुलगी म्हणाली. “ तो पाय डुगडुगतोय, तेवढा पक्का करा.”