बोरीला बांधलेली सुतळी

…आणि सुतळी काय फुकट येते का हो? तुम्हीच सांगा. सोनईत माझं चाळीस वर्षांचं किराणा दुकान, शाळा सातवीपर्यंत, बाकी जे शिकलो ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून, आणि पहिली गोष्ट शिकलो ती ही, की पोत्याची सुतळी कापायची नाही. गाठ शोधायची, सोडायची, बोटाभोवती गुंडाळायची आणि खिशात टाकायची. लोक हसतात. हसू देत. पण दरवर्षी जानेवारीत माझ्या गुंड्यातली हातभर सुतळी गायब. घरात विचारलं की माझी बायको इंदू पोळी लाटता लाटता म्हणायची, “उंदरानं नेली असेल.” आता उंदीर बरोबर हातभर तोडून नेतो? दरवर्षी? संक्रांतीच्याच तोंडावर?

तर मी बोरांचं सांगत होतो. संक्रांतीच्या आधीचा रविवार म्हणजे आम्ही सगळे वांबोरीच्या पुढच्या माळावर, रानबोरं वेचायला. इंदू, आमचा कल्याण, आणि त्याचं लग्न झाल्यापासून सूनबाई दिपाली. सोबत डबा, चादर, काटे काढायला सुई. वेचायचं त्यांनी, मी कडुलिंबाच्या सावलीत बसून मालाची प्रत सांगायची, “ही घ्या, ती टाका.” अंगात जुना कोट. तो वर्षातून त्याच दिवशी बाहेर निघतो, कारण मी वेचत नसलो तरी काट्यांना ते कुठं कळतं? आणि त्या सावलीला लागूनच एक बोर. तिच्या फांदीला कुणीतरी सुतळी बांधलेली असायची. कुणीतरी. तुम्हाला सांगतो, चांगली धडधाकट सुतळी उघड्या माळावर सडतेय आणि मी बघत बसू? हात लांबवायचा, सोडायची, गुंडाळायची, खिशात. सुतळी काय फुकट येते?

इंदू श्रावणात गेली. नगरच्या दवाखान्यात तीन आठवडे… जाऊ द्या. ते नाही सांगत.

नात मैत्रेयी तेव्हा चार महिन्यांची. म्हणजे या संक्रांतीला तिचं पहिलं बोरन्हाण. लेकराला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे ओतायचे. चुरमुरे दुकानात, गोळ्या दुकानात, म्हटलं बोरंही बाजारातून आणू, तर दिपाली ऐकेना. माळावर पोचलो, मी माझ्या जागेवर टेकलो, आणि मग ती म्हणाली, “पपा, आईंनी दवाखान्यात माझ्याकडून वचन घेतलंय. बाळाच्या डोक्यावर पडतील ती त्यांच्याच बोरीची. म्हणाल्या, घाबरू नको, खूण आहे. सुतळी बांधलीय.”

कोटाचा खिसा एकदम जड झाला हो माझा.

आता काय सांगू? बाळांनो, तुमच्या आईची खूण बापानं खिशात घातली? म्हटलं, “शोधा की, असेल इथंच.” आणि शोधायला लागले. कल्याण या बोरीखाली, दिपाली त्या बोरीखाली, तासभर. एक बोर आंबट, एक तुरट, एकीत अळी. कल्याण म्हणतो, “जीभ बधिर झाली, पपा. आईच्या बोरांची चवच लागत नाही.” आणि मी बसलेलो. हाताशी तिचीच बोर, आणि तोंड उघडत नाही.

तेवढ्यात शेरडं घेऊन रंगुबाई आली. त्याच माळावर राखते, इंदूची बोलण्याची मैत्रीण. म्हणाली, “शेठ, लेकरं काय हुडकत्यात?”

दिपाली म्हणाली, “आईंची सुतळीची बोर.”

“मंग ह्यांना इचारा की. हीच न्हाई का ती, ह्यांच्या हाताशी? ताई दरसाली बांधायच्या, अन् त्यांची पाठ वळली की शेठ सोडायचे. म्यां म्हनलं, ताई, नवऱ्याला सांगत का न्हाई? तर म्हनल्या, अगं, फुकटची सुतळी गावली की त्यांचं तोंड बघ, लई खूश असतंय. हातभर सुतळीत एवढं काय महाग हाय?”

खिशात हात घातला. एक निघालं, दोन निघाली… सात. सात भेंडोळी, सात वर्षांची, माझ्याच दुकानातली. मी सोडतो हे ठाऊक असून इंदूनं सुनेला खूण सुतळीचीच सांगितली, म्हणजे तोंड मीच उघडावं. कल्याणनं पाठ फिरवली. चादर उलगडायला लागला. बापाला शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

मग मी उठलो. सावलीतून पहिल्यांदाच. बोरं वेचली, हात सोलून घेतले. एक तोंडात टाकलं… तीच चव. इतकी वर्षं ती ओंजळ पुढं करायची आणि मी खाता खाता प्रत सांगायचो. सातही सुतळ्या एकमेकींना जोडल्या आणि फांदीला बांधल्या. रंगुबाई म्हणते, “शेठ, निरगाठ मारा. न्हाईतर फुडल्या साली तुमीच सोडाल.”

बोरन्हाण छान झालं. मैत्रेयीनं एक बोर चोखून माझ्या कोटावर टाकलं.

आता रोज दुकान बंद करताना सुतळीचा गुंडा बघतो. हातभर काय, बोटभरही कमी होत नाही. कुणी विचारलं तर सांगतो, दुकानात उंदीर राहिला नाही.