राणीसाहेबांची जीभ भाजली तेव्हा

राणीसाहेब : बस. आणि असं तोंड पाडून बसू नकोस.

परदेशी : उभाच बरा आहे, सरकार. ज्याला हाकललं, त्यानं बसून काय करायचं?

राणीसाहेब : हाकललं कोणी? तुझ्या गावी पाठवतेय. मानानं.

परदेशी : हुकमावर युवराजांची सही असती, तर एवढं लागलं नसतं. सही आपली आहे.

राणीसाहेब : आधी चहा ओत. निवतोय.

परदेशी : ओतला. पण उद्यापासून गारच प्यायचाय आपल्याला. एक चाखणार, दुसरा चाखणार, तिसरा वर्दी देणार...

राणीसाहेब : तू येईपर्यंत जन्मभर तसाच प्यायले रे. लहानपणी वाटायचं, चहा गारच असतो.

परदेशी : मला नवख्याला कुठे ठाऊक! पहिल्याच दिवशी चुलीवरून उतरवला, मागच्या जिन्यानं धावत आणला.

राणीसाहेब : आणि मी घेतला भला मोठा घोट!

परदेशी : काय किंचाळलात! पहारेकरी भाले घेऊन आत. म्हटलं, संपलं, आता काही माझं मुंडकं राहत नाही.

राणीसाहेब : आणि मी आपली हसतेय. महाराज नुकते गेले होते. जो तो माझ्याशी कुजबुजत बोलायचा, जणू मीच गेलेय. जीभ भाजली आणि वाटलं, अगं बाई, जिवंत आहे की मी!

परदेशी : शिक्षा काय, तर रोज असाच आणायचा.

राणीसाहेब : आणि आधी स्वतः चाखायचा. मी एकटीनं का भाजून घ्यायचं?

परदेशी : लोक म्हणाले, परमुलखातला आचारी राणीच्या कानाला लागला.

राणीसाहेब : लागलास की! तुझ्या आईच्या शेळ्यांची नावंसुद्धा पाठ झालीत मला. सगळा दरबार माझ्याकडे काहीतरी मागायला यायचा. तू तेवढा शेळ्या घेऊन यायचास.

परदेशी : मग का पाठवता?

राणीसाहेब : काल वैद्य काय म्हणाले, ते दाराआडून ऐकलंस ना?

परदेशी : ...ऐकलं.

राणीसाहेब : मी डोळे मिटले की युवराज काय करेल, मला माहीत आहे. माझ्याच पोटचा आहे. चोरासारखी झडती घेऊन तुला मागच्या दारानं काढेल. तेव्हा अडवायला मी नसेन. म्हणून आज जायचं. माझ्या गाडीतून, दिवसाढवळ्या, पुढच्या फाटकातून.

परदेशी : घेऊ दे झडती. शेवटपर्यंत मी इथून हलणार नाही.

राणीसाहेब : हुकूम नाही करत, विनंती करते. सवय नाही मला, चुकली तर सांभाळून घे.

परदेशी : ...गाडी आली?

राणीसाहेब : केव्हाची उभी आहे. हा कप आज तुझा. लांब जायचंय. थांब, आधी मी चाखते.

परदेशी : राहू द्या, सरकार. बोलता बोलता पार गार झालाय. दुसरा आणतो.

राणीसाहेब : (घोट घेऊन) गार कुठला? चांगला भाजतोय. फुंकून पी.