सव्वासातची टकटक

थोरली : या घराच्या किल्ल्या तुझ्या हातात देताना मी काय सांगितलं होतं, आठव बरं. नळ गळतो. खिडकीची कडी जरा वर उचलून लावायची. आणि शेजारच्या आजी सकाळी सव्वासातला भिंत वाजवतात, त्यावरून कधी कुरकुर करायची नाही.

धाकटी : सांगितलं होतंत, ताई. मी आपली 'हो हो' म्हणाले आणि नळाचं तेवढं लक्षात ठेवलं.

थोरली : मोठी जाऊ म्हणून तोरा मिरवत नव्हते ग. सहा वर्षं काढलीत मी इथे. बरं, तो भोपळा किती वेळ परतणार आहेस? चटका लागेल त्याला.

धाकटी : अजून पाणी सुटतंय. उकडलेला भोपळा तसाच दुधाअंड्यात कालवला तर पाव गिळगिळीत होतो. आधी कोरडा परतायचा, उलथन्याला चिकटायला लागला की उतरवायचा. आजींनीच शिकवलंय.

थोरली : आणि पाव?

धाकटी : परवाचा, मुद्दाम शिळा. ताजा भिजला की त्याचा लगदा होतो. त्यांच्या बेकरीत पानगळ सुरू झाली की उरलेल्या पावांचा हाच फ्रेंच टोस्ट करायच्या म्हणे. दालचिनी, सुंठ, दोन लवंगा, जायफळ अगदी नखभर. माझा किसताना हात हलला, जास्त पडलं की काय कोण जाणे. ताई, बाळ हललं का हो? जरा बघता का पाळण्यात?

थोरली : झोपलंय. दर दोन मिनिटांनी विचारतेस. श्वास मोजून सांगू का?

धाकटी : मोजा.

थोरली : वेडी आहेस. वास मात्र काय सुटलाय! माझ्या नव्या घरी सकाळी कसला वास नि कसलं काय. डोक्यावर तो घड्याळजी राहतो, एकटाच, कानाने जड. सहाच्या ठोक्याला त्याचा रेडिओ सुरू, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढा. मागे वर जाऊन भांडूनही आले. आता तीन दिवस झाले, एकदाचा बिघडलाय. अशी झोप लागते म्हणून सांगू!

धाकटी : लागू दे. तुम्हाला तरी लागू दे.

थोरली : हे काय बोलणं? अग, शेजारच्या आजी पडल्या त्यात तुझा काय दोष? कालच आल्यात ना दवाखान्यातून? मग गरम गरम दोन टोस्ट घेऊन जाऊ, विचारपूस करू, झालं. तू टकटक बंद करायला लावलीस ते चुकलंच, पण कुणाच्या जिवावर उठून नाही लावलीस.

धाकटी : दात येत होते हो बाळाला. रात्रभर रडायचं, पहाटे कसंबसं डोळे मिटायचं, आणि बरोब्बर सव्वासातला पलीकडून लाटण्याने टक टक. मी गेले त्यांच्या दारात. आवाज चढवला नाही. म्हटलं, आजी, बाळ उठतं, उद्यापासून नका वाजवू.

थोरली : काय म्हणाल्या?

धाकटी : 'बरं ग.' एवढंच. दुसऱ्या दिवशी दाराशी पाव ठेवलेला, वर चिठ्ठी, 'बाळाच्या आईला'. दोन महिने झाले त्याला.

थोरली : ते सगळं मीच लावून दिलं होतं. नवरा गेला आणि त्या एकट्या पडल्या तेव्हा. त्यांनी दोनदा वाजवायचं, म्हणजे 'उठले'. आपण एकदा, म्हणजे 'ऐकलं'. आणि दोनाहून जास्त वेळा वाजलं तर हातातलं टाकून किल्ली घेऊन पळायचं. त्यांच्या घराची किल्ली त्या कपाटामागच्या खिळ्याला आहे.

धाकटी : तिथे मी बाळाची टोपी अडकवते.

थोरली : टोपीखाली बघ, असेल.

धाकटी : आहे. मला वाटायचं, कुठल्यातरी जुन्या ट्रंकेची असेल. ताई, एकदा वाजवायचं म्हणजे काय म्हणालात?

थोरली : 'ऐकलं' म्हणून. त्यांना बरं वाटायचं, पलीकडे कोणी आहे म्हणून. अग, टोस्ट! करपला बघ तो, उलट! आच कमी कर. काय झालं? अशी पांढरी फटक का पडलीस? नशीब समज, त्या दिवशी तू घरात नव्हतीस. घरात असून कळलं नसतं तर आयुष्यभर मनाला लागून राहिलं असतं.

धाकटी : मी घरात होते.

थोरली : तू तर भाजी आणायला गेली होतीस.

धाकटी : तसं सगळ्यांना सांगितलं. ह्यांनाही. मी इथेच उभी होते, या ओट्यापाशी. भोपळाच चिरत होते, बाळासाठी. बाळ नुकतं झोपलं होतं. आणि भिंत वाजली. नेहमीच्या जागी नाही, खाली, जमिनीलगत. दोनदा नाही, सारखी.

थोरली : मग?

धाकटी : माझं डोकं फिरलं. म्हटलं, एवढं सांगूनही हट्ट सोडत नाहीत. मूठ वळली आणि दिला एक ठोसा भिंतीवर. इथे. हाताची कड दोन दिवस दुखत होती.

थोरली : एक?

धाकटी : एकच. आणि पलीकडचं वाजायचं थांबलं. मला वाटलं, चला, समजलं. मग मी मिक्सर लावला.

थोरली : अग बाई.

धाकटी : दोन तासांनी टपालवाल्याला आतून कण्हणं ऐकू आलं. दोन तास, ताई. तेवढ्या वेळात मी बाळाचे कपडे घड्या घालून ठेवले. गाणं म्हणत होते मी.

थोरली : हे बघ, माझं ऐक. यातलं एक अक्षर त्यांना सांगायचं नाही. पाय मोडलाय, वय झालंय, उगाच धसका घेतील. तू गोड बोल, टोस्ट दे, महिनाभर त्यांचं हवं नको बघ. फेड होईल.

धाकटी : सांगितलं नाही तर हे टोस्ट म्हणजे लाच झाली.

थोरली : शिकल्यासवरल्या मुलींचं हेच. प्रत्येक गोष्टीला नाव द्यायचं.

धाकटी : ताट तुम्ही घ्या. मी बाळाला खांद्यावर घेते.

(शेजारच्या घरी. आजी पलंगावर, पायाला प्लास्टर. ताटावर अजून झाकण.)

आजी : कोण, बाळाची आई? ये. भाची औषधं आणायला गेलीय, ती बसायची खुर्ची ओढ. आणि मागे कोण? थोरली! अग, दारात मावेनाशी झालीस की.

थोरली : आल्या आल्या सुरू का, आजी?

आजी : पाय मोडलाय, डोळे नाही. काढ झाकण. हं. जायफळ जास्त पडलंय.

धाकटी : हात हलला.

आजी : आणि हा कडेला करपलाय. भोपळ्यात साखर असते, लगेच धरतो, आच मंद ठेव म्हणून बजावलं होतं ना? लक्ष कुठे होतं?

धाकटी : आजी, तुम्ही खाण्याआधी मला काही सांगायचंय.

थोरली : अग, गार होतील.

आजी : थांबा, आधी माझं. डॉक्टरला सांगून झालं, भाचीला दहादा सांगून झालं, तुलाच सांगायचं राहिलं. मी पडले ती ओट्याखालीच. पाय हलेना. ओरडले तर आवाज घशातच. लाटणं माझ्याबरोबरच खाली आलं होतं, तेच घेतलं आणि भिंत वाजवायला लागले. बाळ उठेल हे मनात आलं ग, पण इलाज नव्हता.

धाकटी : आजी...

आजी : ऐक तर. आणि तू वाजवलंस! असा दणदणीत ठोका. म्हटलं, ऐकलं पोरीने, येतेय. मग लाटणं ठेवून दिलं, धाप लागली होती. निवांत पडून राहिले. वेळ व्हायला लागला तेव्हा म्हटलं, बाळ कडेवर असेल, किल्ली सापडत नसेल. मग तुझा मिक्सर ऐकू आला. म्हटलं, पोराचं खाणं उरकून येतेय. तुझ्या त्या एका ठोक्यावर दोन तास काढले मी.

धाकटी : तो रागाचा होता.

आजी : काय?

धाकटी : तो ठोका. तुम्ही सांगूनही वाजवताय म्हणून राग आला होता. गप्प बसा, असं म्हणत होते मी. मी येतच नव्हते, आजी. एक वाजवलं म्हणजे काय, तेही मला ठाऊक नव्हतं.

थोरली : लहान आहे हो ती. रात्र रात्र जागलेली होती, त्यात...

आजी : थोरले, ती खिडकी लाव. पानं आत यायला लागलीत.

थोरली : लावते.

आजी : कडी वर उचलून.

थोरली : माहितीय, आजी. आमच्याकडची पण तशीच होती.

आजी : त्या भिंतीशी बोलत होते ग मी. 'येशील ना, ये ग' म्हणत होते.

धाकटी : रागवा ना मला.

आजी : रागावतेच आहे. तुझ्या परवानगीची वाट नाही बघत. म्हातारपणी राग वर यायलाही वेळ लागतो. ताट दे इकडे.

धाकटी : खाणार तुम्ही?

आजी : भुकेचा नि रागाचा काय संबंध? चाळीस वर्षं बेकरी चालवली, गिऱ्हाइकांशी भांडले, कारागिरांशी भांडले, उपाशीपोटी कधी नाही. हं. आतून चांगला शिजलाय. भोपळा नीट परतलास.

धाकटी : अर्धा तास.

आजी : पाव भट्टीतून काढला की बुडाला टिचकी मारून बघतात. पोकळ वाजला तर झाला, नाहीतर परत आत. जन्म गेला माझा आवाज ओळखण्यात. तुझा ठोका कसला होता हे मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण जमिनीवर पडलेल्या माणसाला जे हवं तेच ऐकू येतं.

धाकटी : असं नका बोलू.

आजी : मग काय बोलू? जाऊ दे म्हणू? नाही म्हणणार. आज तरी नाही. उद्याचं उद्या बघू. पाणी दे.

धाकटी : घ्या. आजी, उद्या सव्वासातला आधी मी वाजवीन. तुम्हाला पलंगावरून पोचत नसेल तर काठीने वाजवा. नाही वाजलं तर मी किल्ली घेऊन येईन. टोपी आता दुसरीकडे अडकवलीय.

आजी : बाळ उठेल.

धाकटी : उठू दे.

आजी : रडेल.

धाकटी : रडू दे. तुम्हाला ऐकू येईल, घरात आम्ही आहोत म्हणून.

आजी : हं. दुसरा टोस्ट दे, तो न करपलेला. थोरले, तू का अशी खिडकीला चिकटून उभी? तुझं नवं घर कसं आहे ते तरी सांग. शेजार चांगला आहे का?

थोरली : आहे की. म्हणजे, फारसं येणं-जाणं नाही. वर एक घड्याळजी आहे. जरा रेडिओचा त्रास, बाकी...

धाकटी : ताई.

थोरली : काय ग?

धाकटी : तीन दिवस बंद आहे म्हणालात.

थोरली : बिघडलाय म्हटलं ना. जुनाट डबा आहे तो.

धाकटी : घड्याळजी आहेत ते. दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आपला रेडिओ तीन दिवस बिघडलेला ठेवेल?

आजी : एकटा असतो?

थोरली : एकटाच. मी भांडून आल्यापासून जिन्यात भेटला तरी बोलत नाही. आवाज कमी करायला लागला होता बिचारा, म्हणून मला वाटलं... माझ्या चपला कुठे काढल्या मी? ह्यांना फोन लावते आधी.

धाकटी : फोन रिक्षात बसल्यावर लावा. तुमची पिशवी आमच्याकडेच राहू द्या, मी पोचवीन नंतर. तुम्ही सरळ वर जा, त्यांचं दार वाजवा, आणि आतून कोणी 'ओ' दिल्याशिवाय जिना उतरू नका.