उसाचं पान डोळ्यात गेलं तवा

मी पाथर्डीकडची, ताई. आमच्याकडं पानीच न्हाई, मग दिवाळी झाली की दाराला कुलूप लावायचं अन् देवळालीकडं ऊस तोडायला निघायचं, माझ्या आईनं तेच केलं, मीबी तेच केलं. नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात आमच्यात, एकट्या गड्याला टोळीत कोन घेत न्हाई. ह्यांनी तोडायचं, मी मोळ्या बांधायच्या.

तर काय सांगू तुमाला, गेल्या हंगामात मी वाकून मोळी बांधतीया अन् उसाचं पान सपकन उजव्या डोळ्यात बसलं. असं लई येळा व्हतं, म्हनून कुनाला काय वाटलं न्हाई. आमच्या पाचटाच्या कोप्या, शेजारच्या कोपीतली बाळंतीन म्हनली, ये मावशे, डोळ्यात अंगावरचं दूध घालते. घातलं. दुसऱ्या दिशी डोळा लालबुंद, उजेड बघवंना, नुसतं पानी गळतंय. हे म्हनले दवाखान्यात जाऊ, पर ट्रक भरायचा हुता, त्यो कुनासाठी थांबतोय व्हय? मग मेडिकलमधून थेंब आनले. अन् ऐका, त्या थेंबानं लाली गेली! मी म्हनलं, सुटले बाई. लाली न्हाई म्हनल्यावर कोपीत कशाला बसायचं, थेंब घालीत ऱ्हायले अन् मोळ्या बांधीत ऱ्हायले.

आतून मात्र सडत हुतं. दिसंनासं झालं तवा नगरला गेलो, तितल्या डॉक्टरीनबाई लई बोलल्या मला. म्हनल्या, पानावरची बुरशी बुबुळात शिरलीया, थेंबानं लाली दबली पर बुरशी माजली, कुनी सांगितलं हुतं घालायला? कोन सांगनार, अख्खी टोळी तेच घालती. आता बुबुळावर फूल पडलंय. उजेड कळतो, मानूस कळत न्हाई.

यंदा हे म्हनले, तुला दिसंना, माझ्यासंगं दुसरं कोन येनार, सुनीला घेऊ. सुनी माझी लेक, बारावीला हाय. माझं डोकंच फिरलं. म्हनलं, माझा डोळा गेला त्यो गेला, पोरीला फडात न्हेऊन तर बघा! त्यांचं तरी काय चुकतंय, पोट तर भराया पायजे.

म्हनून मीच चाललीया परवा. डॉक्टरीनबाईनी बजावलंय, दुसऱ्या डोळ्याला जपा. सुनीनं मोठा चष्मा आनलाय, दोन्ही बाजूंनी बंद, टोळीतल्या बाया म्हनत्यात, आली बघा हिरोईन. हसू द्या मेल्यांना. थकले वो मी, लई थकले. पर जानार. सुनी आजीपाशी ऱ्हाईल, परीक्षा देईल. परत आल्यावर तिचा निकाल तेवढा ह्या डोळ्यानं बघू दे, मग मिटला तरी मिटू दे.